जिमखान्याच्या तलावातली लाट

सोलापुरात होटगी रस्त्याला लोकरंजन जिमखान्याचा पोहण्याचा तलाव बांधून पुरा झाला तो बहात्तर साली. ज्यांना ते साल आठवतं त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांना आठवत नाही त्यांनी एवढंच समजावं, की त्या वर्षी शहरात प्यायच्या पाण्याला रांगा लागत होत्या, आसपासच्या विहिरींच्या तळाला चिखलसुद्धा उरला नव्हता, आणि अशा वेळी जिमखान्याच्या कमिटीने पांढऱ्या फरशांचा, एका टोकाला दोन पुरुष खोल असा भलामोठा तलाव उभा करून त्याच्यासाठी जीवरक्षक हवा म्हणून गावभर सांगून ठेवलं. तलाव कोरडा ठणठणीत. पण कमिटीचे सेक्रेटरी आबासाहेब शिस्तीचे होते. माळशिरसकडे त्यांचा ऊस, शहरात बंगला, आणि एकदा मनात आलं की ते करून मोकळं व्हायचं हा स्वभाव. "पाणी आज ना उद्या येईल," ते म्हणाले, "माणूस आधी तयार पाहिजे."

या जागेसाठी कुंडलिक उभा राहिला. कुंडलिक मंगळवेढ्याकडचा. तिकडची जमीन काळीभोर, ज्वारी पिकवावी तर तिनेच, पण पाणी म्हणाल तर आंघोळीपुरतं मिळालं तरी माणूस खूश. पोहायचं कशात? गावच्या तालमीत त्याने अंग मात्र झकास कमावलं होतं. मिशीही अंगाला शोभेशी होती. शहरात नुकतंच बिऱ्हाड केलं होतं आणि बायको, वच्छला, एका खोलीत चूल मांडून नवऱ्याला काम कधी लागतंय याची वाट बघत होती.

"पोहता येतं का?" आबासाहेबांनी विचारलं.

"येतं की," कुंडलिक म्हणाला.

आता यात त्याचा फार दोष होता असं मला वाटत नाही. त्याच्या पुढचा माणूस हेच म्हणाला होता आणि मागचाही हेच म्हणणार होता. शिवाय समोर पाण्याचा थेंब नाही. पाणी येईपर्यंत कुठेतरी शिकून घेऊ, असा त्याचा साधा विचार. पण कमिटीत मुकुंदराव होते. मुकुंदराव गिरणीत इंजिनिअर, प्रत्येक गोष्ट तपासून घेणारे. ते म्हणाले, "परीक्षा घेतल्याशिवाय नेमणूक कशी करायची?" आणि परीक्षा झाली. कुंडलिकला शिडीवरून कोरड्या तलावात उतरवलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहून दाखवायला सांगितलं.

कुंडलिक फरशीवर पालथा झाला. हात कसे मारतात ते त्याने पाहिलं होतं, तसे दोन-चार मारून पाहिले. अंग काही पुढे सरकेना. मग त्याला जे येत होतं ते त्याने केलं. तालमीत काढायचा तसे त्याने जोर काढायला सुरुवात केली, प्रत्येक जोराला थोडं पुढे सरकत, आणि घामाने न्हाऊन निघालेला गडी थेट खोल टोकाच्या भिंतीला जाऊन टेकला. वर काठावर उभ्या कमिटीने टाळ्या वाजवल्या. "जमिनीवर एवढा," आबासाहेब म्हणाले, "तर पाण्यात किती असेल!" मुकुंदरावांनीही मान डोलावली.

अशा रीतीने कुंडलिक कोरड्या तलावाचा जीवरक्षक झाला. खाकी हाफ पँट, गळ्यात शिट्टी आणि बसायला लाकडाची उंच खुर्ची. हसू नका, काम होतं त्याला. मोहल्ल्यातली पोरं तलावात क्रिकेट खेळायला उतरायची, उडी मारायच्या फळीवर चढून खाली डोकवायची. एकदा एक शेळी पडली. तिला खांद्यावर घालून त्याने वर आणली आणि कमिटीच्या बैठकीत त्याचं कौतुक झालं. वर्षअखेरीच्या अहवालात आबासाहेबांनी मोठ्या अभिमानाने लिहिलं, की तलाव सुरू झाल्यापासून एकही माणूस बुडालेला नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, तलाव भरला, आणि इकडे कुंडलिकने आपली खुर्ची काठापासून चार हात मागे ओढली. चार भिंतींत कोंडलेलं एवढं खोल पाणी त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्याला त्या पाण्याखालची फरशी आठवायची, तिच्यावरून आपण सरपटत गेलो ते आठवायचं, आणि आता तिथे उभं राहिलो तर डोक्यावर आणखी एक माणूस उभा राहील एवढं पाणी आहे या विचाराने तळपाय गार पडायचे. शिकायचं राहून गेलं होतं. दुष्काळात शिकणार कुठे? आणि आता भरल्या तलावात सगळ्यांदेखत जीवरक्षकाने पाठीला तरंगायचा भोपळा बांधून हातपाय मारायचे म्हणजे नोकरी तर जाणारच, वर गावभर हसं.

तलाव उघडला त्या दिवशी आबासाहेब म्हणाले, "हं कुंडलिक, मार पहिली उडी!"

माणूस कात्रीत सापडला की त्याला अक्कल सुचते म्हणतात, ती कुंडलिकला सुचली. तो खुर्चीवरून हलला नाही. "साहेब, जीवरक्षकानं पाण्यात जायचं नस्तं. त्यो पाण्यात गेला तर बाकीच्यांकडं बघायचं कुनी?"

आबासाहेब थक्क झाले. हे त्यांना इतकं पटलं, की पुढे कितीतरी भाषणांत त्यांनी ते वाक्य स्वतःचं म्हणून वापरलं.

आणि मग नियम आले. लोकांना वाटायचं, एवढे बारीक नियम म्हणजे माणूस पाण्यातला दर्दी असणार. खरी गोष्ट अशी, की एकेक नियम कुंडलिकच्या एकेका भीतीतून निघाला होता. आपण घसरलो तर, म्हणून ओल्या फरशीवर पळायचं नाही. आपण एकटे असताना पडलो तर, म्हणून एकट्याने उतरायचं नाही. पाणी खोल कुठून होतं ते वरून त्याला कळायचं नाही, म्हणून तिथे आडवी दोरी बांधली, आणि शिकाऊ माणसाने ती ओलांडायची नाही. शिकणाऱ्याच्या पाठीला वाळका भोपळा पाहिजेच, मग तो कलेक्टरचा मुलगा का असेना. काठावर लांब बांबू कायम हाताशी. आणि मधूनच शिट्टी झाली की सगळ्यांनी काठ धरायचा, कुंडलिक डोकी मोजणार. डोकं कमी भरलं तर त्याचा जीव कासावीस व्हायचा. एकदा कमी भरलं तेव्हा तो पोरगा लघवीला गेला होता, पण तो परत येईपर्यंत कुंडलिकने सगळा तलाव बांबूने ढवळून काढला.

शिकवायचाही तो काठावरूनच. बांबूच्या टोकाला दोरी, दोरीला पोरगा, पोराच्या पाठीला भोपळा. "पाय मार, पाय मार! भ्यायचं न्हाई!" असं ओरडत तो काठाकाठाने चालायचा. पोरं शिकली. म्हणजे पाण्याने त्यांना शिकवलं, पण नाव कुंडलिकचं झालं. उन्हाळा आला की जिल्ह्यातल्या विहिरींतून कुणाकुणाची लेकरं गेल्याच्या बातम्या यायच्या. जिमखान्याच्या तलावात कुणाला खरचटलंही नाही. कारण पाण्याकडे कुंडलिक जसा बघायचा तसा दुसरा कुणी बघत नसे. समोर साप असावा आणि तो कधी हलेल ते सांगता येऊ नये, तसा तो डोळ्याचं पातं लवू न देता दिवसभर बघत बसायचा. घरोघरच्या आया म्हणायच्या, कुंडलिकमामांच्या हवाली केलं की घोर नाही.

हे ऐकून त्याला बरं वाटायचं. आणि मग घरी जाताना वाईट वाटायचं, हेही सांगितलं पाहिजे.

कारण घरी वच्छला होती. वच्छला मंद्रूपच्या पलीकडच्या, भीमेकाठच्या गावातली. तिच्या बापाची मळई, म्हणजे गाळाची जमीन, नदीच्या दोन्ही अंगांना, त्यामुळे लहानपणी म्हशीच्या शेपटाला धरून नदी ओलांडायची आणि मोठेपणी शेपटाशिवाय, एवढाच फरक. कुंडलिक सासुरवाडीला गेला की मेव्हणे-पाहुणे नदीवर पोहायला निघायचे आणि बरोबर त्याच दिवशी कुंडलिकला सर्दी व्हायची. मग तो काठावर बसून तांब्याने अंगावर पाणी घ्यायचा. जीवरक्षक झाल्यावर तर सासरा गावभर सांगत सुटला, की आपला जावई सोलापुरात पोहायला शिकवतो. त्या वर्षी कुंडलिकला सर्दीबरोबर खोकलाही झाला. वच्छलाने काढा करून दिला.

असं सगळं बरं चाललं असताना आबासाहेबांच्या भाच्याने अमेरिकेहून एक मासिक पाठवलं.

त्या मासिकात एक रंगीत चित्र होतं. वाळवंटातलं कुठलंसं शहर, समुद्र शेकडो कोस लांब, आणि तिथल्या लोकांनी एका तलावात यंत्राने लाटा उठवल्या होत्या. त्या लाटेवर एक उघडाबंब तरुण लांबट फळी पायाखाली घेऊन, हात पसरून उभा होता. आबासाहेबांनी ते चित्र कमिटीपुढे ठेवलं. "समुद्र त्यांना नाही, आपल्यालाही नाही," ते म्हणाले. "त्यांनी केलं. मग सोलापूरने का करू नये?" मुकुंदरावांनी तर तिथल्या तिथे पेन्सिलीने आकृती काढली. तलावाच्या खोल टोकाला फाटकाएवढी लाकडी फळी बिजागऱ्यांवर टांगायची, तिला गिरणीच्या भंगारातला एक दांडा जोडायचा आणि दांडा मोटरवर फिरवायचा. फळी पुढे-मागे, पुढे-मागे, की लाटा सुरू. उद्घाटनाला मोठे पाहुणे बोलवायचे ठरलं. लाटेवर उभा कोण राहणार, याची चर्चासुद्धा झाली नाही. सगळ्यांनी नुसतं कुंडलिककडे पाहिलं.

कुंडलिकने धीर करून हात जोडले. "साहेब, लाटाच पायजेत ना? मग ह्ये यंत्र कशाला? उथळ अंगाला, कमरेएवढ्या पाण्यात पोरास्नी काठ धरून हुबं करू. समद्यांनी एकदम पाय मारलं की लाट व्हती. ट्रॅक्टरच्या ट्यूबा टाकू, त्येच्यात बसून झुलतील. केळीचा खांब टाकू, त्यो बुडत न्हाई. मजा बी हुईल आन् कुनाचं काय जायचं बी न्हाई."

"अमेरिकेत ट्यूबा नाहीत होय?" आबासाहेब म्हणाले. "असूनसुद्धा त्यांनी यंत्र केलंच ना?"

मोटर बसली, फाटकाची फळी टांगली, सुताराने वर उभं राहायला पाटासारखी लांबलचक फळी तासून दिली. कुंडलिकचं जेवण तुटलं. शेवटी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तो बंगल्यावर गेला. आबासाहेब झोपाळ्यावर बसले होते.

"साहेब, एक सांगायचं हुतं. मला पवायला येत न्हाई."

आबासाहेबांनी झोपाळा थांबवला, त्याच्याकडे बघितलं, आणि ते जे हसायला लागले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांनी आतून बायकोला बोलावून तिलाही सांगितलं. "मोठ्या गवयाला गा म्हटलं की तो घसा बसलाय म्हणतो. तसंच याचं. अरे, अर्धं सोलापूर तू पोहायला शिकवलंस!"

"काठावरनं शिकवलं, साहेब."

"हाच तर तुझा मोठेपणा," आबासाहेब म्हणाले, आणि त्यांनी त्याला पेढा दिला.

दुसऱ्या दिवशी तलावाला पताका लागल्या. खुर्च्यांवर पाहुणे, मागे गर्दी, बायका वेगळ्या एका अंगाला. वच्छला त्यांच्यात न बसता खोल टोकाजवळ काठाला येऊन बसली होती. कुंडलिक पाठीला दोन भोपळे बांधून आला, तसे आबासाहेब धावले. "पाहुण्यांपुढे भोपळे? सोड ते!" त्यांनी स्वतःच्या हाताने गाठी सोडल्या. कुंडलिकला काठावरून फळीवर उभं केलं, दोघांनी फळी धरली, मुकुंदरावांनी बटण दाबलं.

यंत्र चांगलं झालं होतं, ते मान्य केलं पाहिजे. पहिली लाट आली ती पाहुण्यांच्या बुटांपर्यंत. फळी धरणारे दोघे फळी सोडून पळाले. कुंडलिक क्षणभर खरोखरच चित्रातल्यासारखा हात पसरून उभा दिसला, आणि दुसऱ्या लाटेला नाहीसा झाला. टाळ्यांचा कडकडाट. वर एक हात आला, टाळ्या. मिशी आली, तोंड आलं, तोंडातून "ब... ब..." असा काहीतरी आवाज आला, पुन्हा टाळ्या. फळीचं फाटक मात्र आपलं धाडधाड पाणी मारत होतं.

तेवढ्यात वच्छलाने उडी टाकली. नऊवारीचा काष्टा तिने घरूनच घट्ट मारून आणला होता. ती पाण्याखाली गेली, वर आली ती नवऱ्याचे केस मुठीत धरून, आणि लाटेच्या आडवी पोहत तिने त्याला काठाला आणून टाकला. आता मात्र लोक उभेच राहिले. आबासाहेबांनी माइक हातात घेतला. "आत्ता आपण पाहिलंत ते बुडणाऱ्याला वाचवण्याचं प्रात्यक्षिक! कुंडलिकरावांनी आपल्या पत्नीलासुद्धा कसं तयार केलंय बघा!" पाहुण्यांनी कुंडलिकला शाल घातली, नारळ दिला. वच्छला मागे ओल्या लुगड्यात कुडकुडत उभी होती. तिला कुणी नाव विचारलं नाही. कुंडलिकने खोकत खोकत माइक ओढला आणि म्हणाला, "मला पवायला येत न्हाई. मी खराच बुडलो हुतो. हिनं काढला." लोक पोट धरधरून हसले. एवढा विनोदी असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

घरी वच्छलाने भाकरी थापल्या, त्याला वाढलं, आणि तवा खाली उतरवल्यावर बोलली.

"शाल चांगली हाय."

"तुला कवापास्नं ठावं हुतं?" कुंडलिकने विचारलं.

"लगीन झालं तवापास्नं. दर बारीला नदीवर जायच्या दिवशीच कशी वो सर्दी हुती मान्साला?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी सांगाल म्हनून बसले. मला वाटलं, दुसऱ्या कुनाला न्हाई तर न्हाई, मला तरी सांगतील की." ती राखेत लाकडं विझवत राहिली. "आज समद्यांफुडं मी तुमास्नी वर काढलं. आन् ती मानसं म्हनत्यात, हिला नवऱ्यानंच शिकवलं. माज्या नदीनं शिकवलेलं बी तुमीच घिऊन गेला."

कुंडलिकने हातातली भाकरी ताटात ठेवली. आपल्या खोट्याने आपलंच नुकसान होईल असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. ते दुसऱ्या कुणाचं काही खाईल, आणि तेही हिचं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. त्याने सकाळी उठून आबासाहेबांना पुन्हा सांगायचं ठरवलं.

पण आबासाहेब आता जमिनीवर नव्हते. पाहुणे खूश होऊन गेले होते, लोक विचारत होते पुन्हा लाटा कधी. "रविवारपासून दर आठवड्याला," त्यांनी जाहीर करून टाकलं. "आणि नुसतं तूच नाही. तयार झालेली पोरं घेऊ, त्यांनाही फळ्या देऊ. तू आहेसच लक्ष ठेवायला. कुणी पडलं तर काढशील."

"साहेब, मी न्हाई काढू शकत. पाया पडतो, मला येत न्हाई."

"पुरे झाला विनोद," आबासाहेब म्हणाले.

कुंडलिक तडक घरी आला. स्वतः बुडताना त्याने ती लाट आतून बघितली होती. वर कुठे आणि खाली कुठे तेच कळत नाही. त्या लाटेत पोरं सोडणार, त्याच्या भरवशावर, आणि आया काठावर निर्धास्त बसणार. त्याने वच्छलाला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने तिला सगळं सांगितलं, फरशीवर जोर काढले तिथपासून.

वच्छलाने ऐकून घेतलं. "सांगून त्यास्नी पटत न्हाई म्हनता?"

"न्हाई की. तीनदा सांगून झालं."

"मग दावा."

"काय दावू?"

"बुडून दावा," वच्छला म्हणाली. "मी काढीन. पर कवा काढायचं, ते माजं मी बघनार."

शनिवारी सकाळी कमिटी तलावाच्या कडेला लिंबाखाली बसली होती. रविवारच्या लाटांची तयारी, चहा, बिस्किटं. कुंडलिक समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, आज लाट नगं. पाणी गप हाय. बगा, मला येतंय का." एवढं बोलून, कपड्यांनिशी, भोपळ्याशिवाय, डोळे गच्च मिटून त्याने खोल टोकाला उडी टाकली. एवढं मोठं धाडस त्याने आयुष्यात दुसरं केलं नाही. खरं तर पोहता येणाऱ्याला ते कधी करताच आलं नसतं.

"लाटेशिवाय बुडून दाखवणं जास्त अवघड," आबासाहेब शेजारच्याला सांगत होते. कुंडलिक वर आला, हात आपटले, गेला. "काय हुबेहूब करतो!" कमिटीतला एकजण म्हणाला. पुन्हा वर आला, या वेळी नुसते डोळे. गेला. मुकुंदरावांनी चहाचा कप खाली ठेवला. वच्छला काष्टा मारून काठावर उभी होती, पण हलत नव्हती.

"साहेब," ती म्हणाली, "ह्यास्नी पवायला येतंय का?"

"म्हणजे काय? सोलापुरात त्याच्यासारखा..." आबासाहेब म्हणाले आणि पाण्याकडे बघून थांबले. पाण्यावर बुडबुडे येत होते. मग तेही कमी झाले.

"वच्छलाबाई, काढा त्याला," मुकुंदराव उठून ओरडले.

"येतंय का न्हाई, तेवढं साहेबांनी सांगावं."

आबासाहेबांच्या हातातली बशी फुटली. शहरात येऊन इतकी वर्षं जपलेली भाषा त्यांच्या तोंडातून एका झटक्यात उडाली. "न्हाई येत! आगं न्हाई येत त्येला! मेला की त्यो! काढ की बाय, पाया पडतो तुज्या!"

वाक्य पुरं व्हायच्या आत ती पाण्यात होती. बोलता बोलता तिचे डोळे पाण्यावरून क्षणभरही हलले नव्हते, आणि तो नेमका कुठे आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने त्याला वर आणलं, पालथा घातला, पाठीवर थापा मारून पोटातलं पाणी काढलं. कुंडलिकने डोळे उघडून पहिलं काय विचारलं असेल? "पटलं का साहेबास्नी?"

साहेबांना पटलं होतं. रविवारच्या लाटा रद्द झाल्या. फाटक बिजागऱ्यांवरून उतरलं आणि मोटर आबासाहेबांच्या उसाला गेली, तिथे तिने पुष्कळ चांगलं काम केलं. पोरांना लाटा हव्याच होत्या, तेव्हा उथळ टोकाला ट्रॅक्टरच्या ट्यूबा आल्या, केळीचे खांब आले, आणि काठ धरून सगळ्यांनी एकदम पाय मारले की चांगली छातीपर्यंत लाट यायची. हे सगळं आपणच सुचवलं होतं असं आबासाहेब पुढे सांगत, आणि कुंडलिक त्याला हो म्हणत असे. पाटीवर जीवरक्षक म्हणून वच्छलाबाईंचं नाव रंगवलं गेलं. बाईमाणूस कसं, म्हणून कमिटीत थोडी कुरकुर झाली, पण ज्यांनी शनिवारची सकाळ बघितली होती ते गप्प बसले.

कुंडलिकला मात्र काढून टाकायचं ठरत होतं, आणि रीतसर बघितलं तर त्यात चूक काहीच नव्हती. वच्छलानेच नाही म्हटलं. "मी पान्यात आसले म्हंजी वरनं बघायचं कुनी?" तेव्हा त्याची उंच खुर्ची राहिली, शिट्टी राहिली, डोकी मोजणंही राहिलं. पोरं त्याला मामाच म्हणत राहिली. पोहता न येणारा मामा, एवढाच फरक, आणि तो पोरांना फारसा मोठा वाटला नाही.

पुढे एकदा, संध्याकाळी तलाव रिकामा झाल्यावर, तो वच्छलाला म्हणाला, "आता तरी मला शिकीव की. आता कुनापास्नं लपवायचं न्हाई. भोपळा बांधून उतरतो."

वच्छला पायरीवर बसून केस पुसत होती. तिने पंचा मांडीवर ठेवला.

"माजा थोरला भाऊ," ती म्हणाली, "त्यो साथीत गेला म्हनून तुमास्नी लग्नात सांगितलं."

"व्हय."

"त्यो साथीत न्हाई गेला. नदीत गेला. पुरात, पैजंनं. आमच्या गावात त्येच्यासारखा पवनारा दुसरा नव्हता. समदा गाव काठावर हुता आन् एकजन बी पान्याकडं बघत नव्हता, का तर त्येला येतंय म्हनून." तिने केसांची गाठ मारली आणि उठली. "तुमी बघता. लई भ्याता आन् म्हनून बघता. ऱ्हाऊ द्या तसंच."

कुंडलिकने तिला पुन्हा कधी शिकव म्हटलं नाही.